गावंडे काकांचा सव्वानऊचा फोन

आमच्या अकोटात गावंडे काका माणसाला नावानं हाक मारत नाहीत, नंबरानं मारतात. मोबाईल नंबरातल्या शेवटच्या चार आकड्यांनी. भर बाजारात पन्नास माणसांमधून त्यांचा आवाज येतो, "ओ चव्वेचाळीस-सतरा! पोट्टीचा निकाल लागला का?" आणि पिशवीत मेथी घेऊन चाललेला माणूस वळून सरळ उत्तर देतो, "लागला ना काका, पास झाली!" बाहेरगावचा पाहुणा असला तर बावचळून बघत राहतो. त्याला वाटतं, ही सगळी जेलमधून सुटलेली माणसं आहेत. एकदा पुण्याकडचे एक साहेब चार्जर घ्यायला आले होते, त्यांनी मला विचारलंच, "इथं लोकांना नावं नसतात का?" मी म्हटलं, "असतात साहेब, पण पुरत नाहीत. गजानन म्हणून हाक मारून बघा." त्यांनी काही मारली नाही. मग मीच दुकानाच्या पायरीवर उभा राहून मारली. सात माणसं थांबली.

मी स्वतः एकोणतीस-शून्यसहा. आईबापांनी ठेवलेलं नाव सलीम. बस स्टँडच्या मागं माझं रिचार्ज आणि रिपेरिंगचं दुकान आहे. आधी त्याच जागी अब्बांचा पीसीओ होता. मी मराठी शाळेत शिकलो, मास्तरांनी छड्या मारून शुद्ध बोलायला शिकवलं, म्हणून कागदावर असं नीट लिहितो. चिडलो की मात्र वऱ्हाडी निघते, आणि मी दिवसातून चार-पाच वेळा चिडतो. त्यातल्या तीन वेळा काकांमुळं.

वामनराव गावंडे टेलिफोन खात्यातले. गावात हातानं फोन जोडायचे त्या काळातले ऑपरेटर. तेव्हा नंबर दोन-तीन आकडी असत, आणि ते सगळे काकांच्या बोटांत होते. लोक "जरा जिनिंगवाल्या शेठजींना द्या" म्हणायचे, काका न बघता दोरी खोचायचे. पुढं आपोआप लागणारे फोन आले, काकांना बिलाच्या खिडकीवर बसवलं. पुढं मोबाईल आले, बिलंही गेली आणि काका रिटायर झाले. लग्न केलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, "दुसऱ्याच्या लाइना जोडता जोडता माही लाइन इंगेजच रायली." रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दुकानाच्या बाकावर येऊन बसले आणि त्यानंतर उठलेच नाहीत. जेवायला आणि झोपायला जातात, तेवढंच.

मोबाईलचे दहा-दहा आकडी नंबरही त्यांनी त्याच बोटांत भरले. हे मला खरं वाटेना. एका रिकाम्या दुपारी मी रिचार्जचं रजिस्टर उघडून त्यांची परीक्षा घेतली. मी नाव वाचायचो, ते नंबर म्हणायचे. चाळीस नावं झाली. एकोणचाळीस बरोबर, चाळिसावा चूक. मला कोण आनंद झाला! म्हटलं, "काका, चुकले!" त्यांनी डोळेही उघडले नाहीत. म्हणाले, "तुहं रजिस्टर चुकलं. सातच्या जागी एक लिहिला हाय तुनं. म्हूनच थ्या कुसुमबाईचं रिचार्ज मंगळवारी दुसऱ्याच्याच घरी गेलं, आन तू तिच्यावरच खेकसला." बाप्पा बाप्पा! खरंच तसं झालं होतं. मी दुसऱ्या दिवशी कुसुमबाईंच्या खानावळीत जाऊन माफी मागून आलो. तेव्हापासून या माणसापुढं मी मनातून हात जोडूनच असतो. वरून दाखवत नाही, डोक्यावर बसतील म्हणून.

नंबराविषयी त्यांचं एक शास्त्रच आहे. "नंबर म्हंजे मानसाचा उंबरठा हाय बे. थो असा घडोघडी हालवत नसते." जो माणूस वारंवार नंबर बदलतो, त्याच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. एका बाईंनी मुलीसाठी आलेल्या स्थळाची चौकशी केली. मुलाला नोकरी होती, दोन मजली घर होतं, दिसायला गोरागोमटा. काका म्हणाले, "पोट्ट्याचे तीन सालात चार नंबर झाले. देऊ नका पोरगी." बाईंनी ऐकलं. पुढं त्या मुलाला शोधत तीन गावांची माणसं माझ्या दुकानात येऊन गेली.

आणि मेलेल्या माणसाचा नंबर कंपनीनं दुसऱ्या कोणाला दिला, तर काका त्या नव्या माणसाला गाठतात. एका कॉलेजच्या पोराला त्यांनी असंच गाठलं होतं. "हा नंबर देवराव पाटलाचा व्हता. त्यानं यावरून कोनाले कदी शिवी देली नाही. ध्यानात ठेवजो." त्या पोरानं मला नंतर हळूच विचारलं, "सलीमभाई, एखादा कोरा नंबर नाही का, कोणाचाच नसलेला? याच्यावर मैत्रिणीशी बोलायला धाक वाटते."

एवढं सगळं कळूनही एक गोष्ट मला कळत नव्हती. रोज सकाळी बरोबर सव्वानऊला काका एक फोन लावायचे. कानाला धरून ऐकायचे. आपण एक शब्द बोलायचे नाहीत, हॅलोसुद्धा नाही. अर्ध्या मिनिटात फोन ठेवायचे, धोतराला हात पुसायचे आणि म्हणायचे, "चाला, सुरू हाय." मग त्यांचा दिवस सुरू. मग चहा, मग गावातल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांची चेष्टा. पण एका आठवड्याआड तोच फोन ऐकून ते गप्प बसायचे. "सुरू हाय" नाही, काही नाही. तो आठवडाभर सगळ्यांच्या अंगावर यायचे, चहाला नावं ठेवायचे, माझ्या रिपेरिंगला नावं ठेवायचे. पुढच्या आठवड्यात पुन्हा गोड. मी समजलो शुगर असेल. फोनचं म्हणाल तर राशिभविष्य ऐकत असतील. एकट्या माणसाला काहीतरी लागतंच.

तर ज्या साली बोंडअळीनं आमच्याकडची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, बोंडासकट खाल्ली, त्याच हिवाळ्यात एका मोबाईल कंपनीनं आपलं जुनं नेटवर्क बंद करायचं ठरवलं. कंपनीचं नाव घेत नाही. गेलेल्याचं वाईट बोलू नये. स्वस्त म्हणून अर्ध्या तालुक्यानं तिचं सिम घेतलेलं होतं. महिनाअखेरीपर्यंत ज्यानं आपला नंबर दुसऱ्या कंपनीत नेला त्याचा वाचला, बाकीच्यांचा गेला कायमचा. नेण्याची रीत अशी, की जुन्या सिमवरून एक मेसेज पाठवायचा, त्याच सिमवर एक कोड येतो, तो कोड आणि आधार कार्ड घेऊन दुकानात यायचं. नेटवर्क एकदा मेलं की कोड यायलाही जागा उरत नाही.

कंपनीनं लोकांना मेसेज पाठवला, तो इंग्रजीत. आमच्याकडं इंग्रजी मेसेज म्हणजे लॉटरी लागल्याचा. लोक तो न वाचताच उडवतात. मग मी दुकानावर लाल अक्षरात बोर्ड लावला, "फक्त पंचवीस दिवस! त्वरा करा!" तर लोकांना वाटलं सेल आहे. दोन बाया गाऊनचा भाव विचारायला आल्या. एक आजोबा म्हणाले, "शेवटच्या दिवशी येतो, तवा आणखी स्वस्त होईन." माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मरू द्या ना भाऊ, माह्या बापाचं काय जाते!"

काका बाकावरून उठले. म्हणाले, "बोर्डानं का होते बे? लगन, मयत आन नंबर. ह्या तीन गोठी घरी जाऊनच सांगा लागते."

"काका, हजार घरं असतील."

"असतीन." आणि चपला घालून निघाले.

मला वाटलं, तापट माणूस, दोन गल्ल्या हिंडून येईल. संध्याकाळी आले तेव्हा पाय धुळीनं पांढरे झालेले, खिशात कागदाची पुडी, आणि पुडीत हळद लावलेले तांदूळ! लग्नाच्या अक्षता! दारात जायचं, माणसाच्या हातावर दोन दाणे ठेवायचे आणि सांगायचं, "तुहा नंबर एकतीस तारखेले जाऊन राहिला. त्याच्या आत सलीमकडे ये. आग्रहाचं बोलावनं हाय." आता दारात अक्षता आल्यावर वऱ्हाडातला माणूस येणार नाही, असं होतच नाही. माझ्या अम्मीच्या हातावरही त्यांनी दोन दाणे ठेवले. अम्मीनं बिस्मिल्ला म्हणून घेतले, त्यांना शिरखुर्मा खाऊ घातला आणि दुसऱ्या दिवशी बुरखा घालून माझ्याच दुकानात रांगेत उभी राहिली. मी म्हटलं, "अम्मी, घरी सांगितलं असतं तर मीच केलं असतं." तर म्हणते, "दावत आली होती ना, यावंच लागते."

काय सांगू, अडीच आठवडे रोज रांग. काकांजवळ ना यादी, ना कागद. कोणाकोणाकडं त्या कंपनीचं सिम आहे, हे सगळं त्या टकलात. गावाबाहेर वीटभट्टीवर राहणाऱ्या बाईपासून नव्या वस्तीतल्या डॉक्टरपर्यंत. एकदा एक मिशीवाले गृहस्थ रांगेत दिसले नाहीत म्हणून काका तिसऱ्यांदा त्यांच्या घरी गेले. ते म्हणाले, "मले नवीन नंबर घ्यायचाच हाय, जुना जाऊ द्या." काका तिथंच ओट्यावर बसले. "तुही माय अमरावतीले असते ना? तिले वाचता येत नाही. तुहा नंबर तिनं आकडे पाहून नाही, बोटाच्या सवयीनं पाठ केला हाय. आता या वयात थे नवीन कुठून शिकनार?" गृहस्थ मुकाट्यानं चपला घालून माझ्याकडं आले. त्यांच्या आईचं काकांना कसं माहीत, तर ती इथं असताना तिनं माझ्या अब्बांच्या पीसीओवरून याच नंबरावर फोन केले होते आणि काका तेव्हा शेजारी उभे होते.

शेवटचे सहा दिवस राहिले. मी खुशीत होतो. म्हटलं, "काका, जिंकलो. आपल्या गावात आता त्या कंपनीचं एकही सिम राहिलं नाही."

 काका म्हणाले, "आन डब्या?"

"कोणत्या डब्या?"

"वावरातल्या, भैताडा!"

 आता डबी म्हणजे काय ते सांगतो. आमच्याकडं बऱ्याच कास्तकारांनी विहिरीवरच्या मोटरीला एक मोबाईलची डबी बसवून घेतली आहे. तिच्यात सिम असतं. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. दर वेळी वावरात कोण जाणार? म्हणून घरूनच डबीला फोन लावायचा. दोन-तीन रिंगा गेल्या की आतून एक बाई बोलते, "मोटर बंद आहे" किंवा "मोटर सुरू आहे" किंवा "वीजपुरवठा बंद आहे". एक आकडा दाबला की मोटर चालू, दुसरा दाबला की बंद. या डब्यांतली निम्मी सिमं मी स्वतः विकलेली, त्याच कंपनीची, स्वस्त म्हणून! आणि मी गाढव, बोलणारी माणसं मोजत बसलो. डबीला ना मेसेज वाचता येत, ना दारात आलेल्या अक्षता घेता येत. लोक आपापले फोन वाचवून निवांत झाले होते, आणि एकतीस तारखेला ऐन हरभऱ्याच्या ओलितात तालुकाभरच्या मोटरी मुक्या होणार होत्या. गावातल्या एकालाही सुचलं नाही. कंपनीला सुचलं नाही. सुचलं ते या धोतरवाल्या म्हाताऱ्याला.

पुढचे चार दिवस आम्ही माझ्या मोटरसायकलवर वावरं तुडवली. काका मागं बसून पाठ म्हणत, "डाव्या हातानं घे. चिंचेजवळची विहीर. डबी त्रेसष्ट-चाळीस, मालक अकरा-बावीस." डबी उघडायची, सिम काढायचं, माझ्या फोनमध्ये घालायचं, मेसेज, कोड, मालकाचं आधार, पुढची डबी. उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग बांधाबांधावर, आमच्या भाषेत धुऱ्याधुऱ्यावर, पडलेले. त्या वर्षी माणसांच्या तोंडावरचं हसू कमीच होतं, पण काका नंबरानं हाक मारत आले की लोक उठून उभे राहायचे.

दोन दिवस उरले तेव्हा मी रजिस्टरवर शेवटची नजर फिरवली. एक सिम राहिलं होतं. नाव वामन गावंडे. त्यांचा स्वतःचा फोन तर कधीच झाला होता. हे दुसरं होतं.

"काका, हे तुमच्याच नावावर आहे. डबीचं?"

"राहू दे."

"राहू दे कसं? कोणत्या विहिरीवर आहे?"

"राहू दे म्हनलं ना बे!"

मी चिडलोच. "आबे, साऱ्या तालुक्याच्या डब्यायसाठी मले उन्हात भाजून काढलं, आन सोताच्या डबीले राहू दे? हे का खेळ व्हय?" असं बरंच काही बोललो. काका ऐकून घेत राहिले. त्यांनी माझं असं ऐकून घेणं मला नवीन होतं, म्हणून मी आपोआप थांबलो.

मग त्यांनी सांगितलं. अकोटहून एसटीनं पाऊण तासावर त्यांचं गाव. तिथं त्यांचा धाकटा भाऊ वावर करतो. सहा वर्षांपूर्वी काकांनीच त्याला डबी बसवून दिली, सिम आपल्या नावावर घेतलं. दोघांचं चांगलं होतं. भावाची मुलगी काकांनी खांद्यावर खेळवलेली. चार वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं, आणि भावानं काकांना लग्नाचं बोलावणं फोनवर केलं.

"फोनवर!" काका म्हणाले. "सख्ख्या मोठ्या भावाले! अक्षता नाही, काही नाही. हॅलो भाऊ, अमक्या तारखेले लगन हाय, ये जो. जसा मी कोनी गिऱ्हाईक!"

माझ्यानं राहवेना, मी हसलो. जन्मभर फोन जोडणारा माणूस फोनवर बोलावलं म्हणून रुसला! काका हसले नाहीत. लग्नाला गेले नाहीत. त्यानंतर भावाशी एक शब्द नाही. भावानं दोनदा फोन केला, यांनी उचलला नाही. म्हणजे नंबर, मयत आणि लग्न घरी जाऊन सांगायचं शास्त्र आलं कुठून, ते मला तेव्हा कळलं.

"त्यांचा नंबर काय, मी बोलतो," मी म्हटलं.

"त्याले नंबर नाही," काका म्हणाले. "थो सिरिराम हाय."

आणि मग खाली बघत म्हणाले, "मी रोज सव्वानऊले थ्या डबीले फोन लावतो. मोटर सुरू हाय म्हंते थे बाई. सुरू हाय म्हंजे बटन दाबनारा हात हाय. मंग मी चाहा पेतो."

 रात्रपाळीच्या लाइटच्या आठवड्यात सव्वानऊला ती बाई म्हणत असणार, "वीजपुरवठा बंद आहे." हात आहे की नाही, ते त्या आठवड्यात कळत नसणार. आणि मी शुगर समजत होतो! त्या वर्षी आमच्याकडं सकाळी पेपर उघडायची भीती वाटे. काका माझ्या दुकानातला पेपर रोज हातात घ्यायचे, पण सव्वानऊ वाजेपर्यंत घडी मोडत नव्हते, हेही मला तेव्हाच आठवलं. आता परवापासून ती बाईही गप्प होणार होती. सिम भावाच्या डबीत, आधार कार्ड काकांच्या खिशात. एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नाही.

"उद्या सकाळी निघायचं," मी म्हटलं. "अक्षता घ्या."

वावराशी पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. काकांचे पाय धुऱ्यावरच अडले. "तू हो पुढं," म्हणाले आणि संत्र्याच्या झाडाआड उभे राहिले. मी एकटा विहिरीपर्यंत गेलो. पत्र्याच्या खोलीजवळ एक वाळलेला माणूस उभा होता, काकांचंच तोंड, पण दहा वर्षं लहान आणि वीस वर्षं थकलेलं. मी काही बोलणार, तर त्यानं हातानं थांब म्हटलं. तो डबीकडं बघत होता. डबीवर एक हिरवा दिवा असतो, फोन आला की लुकलुकतो. घड्याळात बघितलं, सव्वानऊ. दिवा लुकलुकला. त्या माणसानं टॉवेलला हात पुसला, बटन दाबलं, मोटर घुंघुं करत सुरू झाली आणि पाइपातून पाणी पडलं. तो स्वतःशीच म्हणाला, "झालं."

मी मागं वळून बघितलं. झाडाआड काका कानाला फोन धरून उभे होते. मग त्यांनी फोन खिशात ठेवला, धोतराला हात पुसला आणि आले.

श्रीराम त्यांना बघून उभाच राहिला. "भाऊ?"

काकांनी पुडी उघडली, दोन दाणे त्याच्या हातावर ठेवले. म्हणाले, "तुह्या डबीचा नंबर उद्या जाऊन राहिला. सांगाले आलो."

श्रीरामनं ते दाणे डबीवर ठेवले.  मग मोटर बंद करून मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन डबी उघडायला बसलो, कारण कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं. सिम माझ्या फोनमध्ये घातलं, मेसेज पाठवला. कोड येईना. मरणाऱ्या नेटवर्कवर सगळा तालुका एकदम तुटून पडला असणार. आम्ही तिघं त्या फोनकडं बघत बसलो.

"मले मालूम व्हतं थो तूच व्हय," श्रीराम एकदम म्हणाला. "डबीले दोनच नंबर मालूम हायेत. एक माहा, आन मी त अठीच उभा. मंग दुसरा कोन? चार साल झाले, सव्वानऊले दिवा लुकलुकते. मी कुठीबी असो, सव्वानऊले अठी येऊन उभा रायतो."

"रातच्या पाळीतबी?" काकांनी विचारलं.

"येतो ना. मोटर नाही चालत, पन दिवा त लुकलुकते. तू हायेस, हे त समजते." तो काडीनं मातीत रेघा ओढत म्हणाला, "या साली पऱ्हाटी गेली ना भाऊ, तवा एक दिवस लय वंगाळ आलं व्हतं मनात. तठी काठावर बसलो व्हतो. पाण्याकडं पाहून राहिलो व्हतो. तेवढ्यात दिवा लुकलुकला. म्हनलं, आता मोटर नाही सुरू केली त थो तिकडं दिवसभर साऱ्यायवर चिडत बसन. उठलो आन बटन दाबलं."

 काकांच्या हातातल्या पुडीतून तांदूळ खाली सांडत होते.

"मंग सांगतलं काहून नाही बे मले?" काका ओरडलेच. "काहून नाही सांगतलं?"

"कसं सांगू?" श्रीराम म्हणाला. "फोनवर सांगतलं त तुले राग येते."

काका रडले. विहिरीच्या काठावर बसून, लहान मुलासारखे, मोठ्यानं. श्रीराम त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला आणि पुन्हापुन्हा म्हणत राहिला, "मले वाटलं तू फोनचा मानूस, फोनवरच सांगतलं त तुले बरं वाटन." मी डबीत तोंड घालून स्क्रू शोधत होतो. स्क्रू माझ्या दुसऱ्या हातातच होता. कोड कधी येऊन पडला ते तिघांनाही कळलं नाही.

श्रीरामच्या घरी वहिनींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. चार वर्षांपूर्वीच्या लग्नाचा आहेर म्हणून त्यांनी काकांना टॉवेल-टोपी दिली, कपाटात जपून ठेवलेली. काकांनी ती तिथंच घातली आणि येताना माझ्या मागं मोटरसायकलवर टोपी धरून बसले. रस्त्यात भेटलेल्या एकालाही त्यांनी हाक मारली नाही. नव्या कंपनीत ती डबी गेली आणि तिचा नंबर वाचला.

आता काका दर शनिवारी एसटीनं गावी जातात. परवा मी त्यांना विचारलं, "बोलणं सुरू झालं ना, मग सव्वानऊला डबीला कशाला लावता? सरळ भावालाच लावा की फोन." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसा मी पुन्हा रजिस्टरात सातच्या जागी एक लिहिला.

"त्याच्यासंग बोलाचं असलं की मी घरी जातो," म्हणाले. मग घड्याळ बघितलं, फोन कानाला लावला, ऐकलं, धोतराला हात पुसला.

"चाला," म्हणाले, "सुरू हाय."